फॉल्ट तिचाच

सुनेनं पाकीट उभ्याउभ्याच फोडलं, आणि वाचता वाचता तिचे ओठ हलायचे थांबले, तेवढ्यावरून थोरलीनं ओळखलं की कागदात काहीतरी निघालंय. सून शाळेत इंग्रजी शिकवायची. वाचताना ओठ हलवायची खोड तिला पोरांमुळे लागली की पोरांना तिच्यामुळे, असं थोरलीनं एकदा चारचौघांत विचारलं होतं आणि त्यावरून घरात आठवडाभर अबोला झाला होता. आता मिटलेले ओठ पाहून ते हललेले परवडले असते असं तिला वाटलं.

"काय लिहिलंय?"

"काही नाही, आई. त्या दिवशीचा रिपोर्ट आहे. तपासणीवाल्या साहेबांचा."

"काही नाही हे वाचायला एवढा वेळ लागतो होय? काही नाही ते एका नजरेत दिसतं, बाई."

सुनेनं दाराकडे पाहिलं. दारापलीकडे बोळ, बोळापलीकडे धाकट्या जावेची खोली. मग आवाज उतरवून तिनं एकच ओळ वाचली. "मालकिणीचं म्हणणं असं लिहिलंय: इट वॉज हर फॉल्ट."

"मग? तेच तर म्हणाले मी."

"तुम्ही असं म्हणालात?"

"म्हणाले. फॉल्ट तिचाच. दुसऱ्या कुणाचा असणार? साहेबाला काय भिते मी?"

"अहो आई, पण काकूंचा हात भाजला आणि तुम्ही त्यांनाच वर..."

"काकूंचं कुठे आलं यात? मी मशीनला म्हणाले!"

सुनेनं कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मागच्या शेडमधून टक् असा आवाज आला आणि रोलरची घरघर थांबली. कामाच्या बायका काहीतरी पुटपुटल्या, कुणीतरी खटका ओढला, घरघर पुन्हा सुरू झाली. तीन आठवडे हे असंच चाललं होतं. दर चार-पाच चादरींना टक्. प्रत्येक टक्‌ला थोरलीच्या छातीत कुणीतरी दार लावल्यासारखं व्हायचं, आणि ती जिथे असेल तिथून दोन पावलं शेडकडे जायची, आणि मग काय करायचं ते न सुचून परत यायची.

लाँड्री दोघा भावांनी काढली होती, पण भाऊ दोन वर्षांच्या अंतरानं गेले आणि ती दोघी जावांनी चालवली. खरं सांगायचं तर थोरलीनं चालवली आणि धाकटी तिच्यात चालली. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. चादरी वाळत घालून इस्त्री करायचे दिवस मागे पडले आणि ही मशीन आली, एक लांबलचक तापलेला रोलर, एका बाजूनं ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूनं कडकडीत काढायची. ती आली त्या दिवशी वाफेचा असा काही फुस्कारा सोडला की थोरली म्हणाली, ही तर म्हैस आहे, आणि तेव्हापासून तिचं नाव म्हैस. म्हशीला ताप आलाय, म्हैस आज अडून बसलीय, म्हशीला तेल दाखवा. पहिल्याच महिन्यात ती बंद पडली तेव्हा मेकॅनिक आला होता, काळाकुट्ट, तोंडात कायम स्क्रू धरून बोलणारा. तिच्या पोटात डोकं घालून तो म्हणाला, "मावशी, फॉल्ट सापडला." थोरलीनं विचारलं नव्हतं, न येणारी गोष्ट विचारायची नाही हा तिचा नेमच होता. पण तिचं तोंड पाहून तोच म्हणाला, "मशीनचं बिघडलं की फॉल्ट, माणसाचं चुकलं की मिस्टेक. मशीन मिस्टेक करत नाही आणि माणसात फॉल्ट निघत नाही. लक्षात ठेवा, कुणी फसवणार नाही." दुसरीतून शाळा सुटलेल्या थोरलीला इतकं स्वच्छ कुणी काही शिकवलं नव्हतं. पस्तीस वर्षं तिनं ते वापरलं. वायरीत फॉल्ट, गिझरमध्ये फॉल्ट, फोनच्या लाइनीत फॉल्ट. आणि हॉटेलवाल्याची चादर हरवली की मान ताठ ठेवून, "मिस्टेक झाली, उद्या नवी देते." तिला वीस-पंचवीस इंग्रजी शब्द येत, आणि ती ते लग्नातल्या दागिन्यांसारखे घालायची, मोजके पण उठून दिसतील असे. त्यातलाच एक खोटा निघाला होता, आणि तोही सुनेच्या हातात.

"हे बघा आई," सून वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाली, "मिस्टेक म्हणजे हातून झालेली चूक. झाली, संपली. फॉल्ट म्हणजे त्या चुकीचा दोष. तो नुसता होत नाही, तो कुणाचा तरी असावा लागतो."

"आणि मशीनचा नसतो?"

"मशीनमध्येही असतो. पण ते वेगळं. इथे 'हर' लिहिलंय ना. मशीनला इंग्रजीत 'हर' नाही म्हणत, 'इट' म्हणतात."

"म्हणजे बाई की पुरुष?"

"काहीच नाही."

"पस्तीस वर्षं ती म्हैस इथे फुरफुरतेय आणि तुझ्या इंग्रजीत ती कुणीच नाही?" थोरली म्हणाली. पण तिच्या बोलण्यातला जोर तिचा तिलाच पोकळ लागला. साहेब आला तेव्हाचं ती आठवू लागली. साहेब खुर्चीत बसला होता, मांडीवर फाइल. त्यानं विचारलं होतं, मग आजी, फॉल्ट कुणाचा? आणि ती म्हशीजवळ उभी होती, म्हशीच्या पत्र्यावर हात ठेवून ती म्हणाली होती, फॉल्ट तिचाच. हात ठेवून. साहेबानं वर पाहायला हवं होतं. पण तो लिहीत होता, त्याला हात दिसला नाही, नुसतं 'तिचाच' ऐकू आलं. असंच झालं. असंच झालं असणार. पण हात पत्र्यावर होता का? पत्रा तापलेला असतो, त्यावर हात कोण ठेवतं? त्या दिवशी मशीन बंद होती, म्हणजे गार होती, म्हणजे ठेवला असेल. की तिनं हात केला होता तो धाकटीच्या रिकाम्या स्टुलाकडे? एखादी गोष्ट आपण केली की नाही हे दुसऱ्या कुणाला विचारावं लागावं अशी वेळ तिच्यावर याआधी आली नव्हती, आणि विचारायला दुसरं कुणी तिथे नव्हतं.

"काकूंनाही त्यांच्या नावाची प्रत आलीय," सून म्हणाली. "मी सकाळीच दिली. मला काय माहीत आत हे असेल. त्यांनी त्याचा फोटो लेकीला पाठवला."

"आणि लेक काय म्हणाली?"

"तीन वाजता न्यायला येतेय."

धाकटीच्या खोलीचं दार उघडंच होतं. धाकटी पलंगावर बसून एका हातानं पिशवी भरत होती. उजवा हात मांडीवर, पट्टीतला, पोटाशी झोपलेल्या मुलासारखा. दोन बोटं आता कधी मिटणार नाहीत असं डॉक्टर म्हणाला होता. डाव्या हातानं ती एकेक कपडा उचलायची, हनुवटीनं दाबून घडी करायची आणि पिशवीत ठेवायची. थोरलीला ती घडी बघवेना. चाळीस वर्षं घड्यांवर पोट भरलेल्या बाईनं अशी घडी घालावी! पण पुढे होऊन हातातून काढून घेणं जमलं नाही. ती उंबऱ्यातच उभी राहिली, आणि उभी राहिली म्हणून आवाज चढा लागला.

"निघालीस म्हणे."

"हो, ताई. थोडे दिवस. हवापालट."

"हवेला काय झालंय इथल्या?"

"वाफ असते ना."

"वाफ काय आज सुरू झाली? आणि तो कागद. तो साहेब मूर्ख आहे. मी मशीनला म्हणाले होते."

"हो का."

"हो का म्हणजे काय, हो का?"

"म्हणजे बरं," धाकटी म्हणाली आणि टॉवेल हनुवटीखाली धरला.

हे 'बरं' थोरलीच्या ओळखीचं होतं. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या दिवशी थोरलीनं तिला सांगितलं होतं, इथे सकाळी पाचला पाणी तापतं, आणि ती म्हणाली होती, बरं. नवरा गेला तेव्हा थोरली म्हणाली, रडून काय होणार, उद्या हॉस्पिटलची गाडी येणार आहे, आणि ती म्हणाली, बरं. त्या बरंच्या आत काय असतं ते बघायची थोरलीला कधी गरज पडली नव्हती. डबा आहे, झाकण लागतंय, पुरे. पण आज ती उंबऱ्यात उभी राहून त्या झाकणाकडे बघत राहिली, आणि तिला असं वाटलं की आत काहीतरी हलतंय.

तपासणीची कचेरी पायी पाऊण तासावर होती. सून रिक्षा बोलावते म्हणाली, थोरली म्हणाली मला पाय आहेत. रस्त्यावर दुकानं दुपारची बंद होत होती, एक माणूस शिडीवर चढून काचा पुसत होता, एका बाईनं कडेवरचं मूल या बाजूवरून त्या बाजूला घेतलं. थोरली झपझप चालत होती, आणि जितकी झपझप चालेल तितकं तोंडातलं बोलणं उलटसुलट होत होतं. साहेब, तुमची मिस्टेक झाली. नाही, मिस्टेक नको, हात जोडून चूक म्हणावं. साहेब, मी अडाणी बाई आहे. हे वाक्य तिनं एकदा तोंडात घोळवलं आणि थुंकावं तसं टाकून दिलं. अडाणी बाईनं तीन हॉस्पिटलं आणि पाच हॉटेलं सांभाळली होती. मेकॅनिकनं चुकीचं शिकवलं म्हणावं. पण तो मेला होता, आणि मेलेल्यावर ढकलणं म्हणजे पुन्हा तेच, फॉल्ट तिचाच, फॉल्ट त्याचाच. चौकात सिग्नलला ती थांबली, आणि थांबल्याबरोबर जे तीन आठवडे चालत राहून, धूत राहून, ओरडत राहून मागे ठेवलं होतं, ते बरोबर येऊन शेजारी उभं राहिलं.

चिंधी. म्हशीच्या तोंडाशी, जिथून चादर आत जाते तिथे, एक आडवी दांडी असते. बोट जवळ गेलं की ती मागे सरकते आणि मशीन थांबते. त्यासाठीच ती असते. पण जाड शिवणीची चादर असली तरी ती सरकते, घडी पडली तरी सरकते, आणि मशीन टक् करून थांबते, मग खटका ओढा, मग पुन्हा. सहा वर्षांपूर्वी, हॉस्पिटलच्या चादरी दुप्पट झाल्या तेव्हा, थोरलीनं एका फाटक्या अभ्र्याची पट्टी काढून दांडी मागे सरकू नये अशी जागच्या जागी बांधून टाकली. दोन गाठी, घट्ट. अशी बाकीच्या लाँड्र्यांतही बांधतात, तिनं बघितलेलं होतं. मशीन थांबायची बंद झाली, काम सरकायला लागलं, आणि आठ दिवसांत सगळे विसरून गेले की दांडी म्हणून काही आहे. धाकटीच एकदा म्हणाली होती, ताई, हे असं... आणि थोरली म्हणाली होती, हात सांभाळावेत, मग दांडी कशाला लागते? बरं.

आणि त्या दिवशी चादरीचं टोक दुमडलं आणि धाकटीनं ते सरळ करायला हात पुढे नेला. ती ओरडलीही नाही नीट. एक आवाज आला, भांडं घासल्यासारखा. थोरली धावली. लाल बटण मशीनच्या दुसऱ्या टोकाला होतं, चार पावलांवर. दांडी इथे होती, हाताशी. ती धावली आणि तिनं... इथे येऊन ते प्रत्येक वेळी धूसर व्हायचं. तिनं बटण दाबलं. तिनं गाठ सोडली. दोन्ही तिनंच केलं होतं, कारण मशीन थांबली होती आणि चिंधी तिच्या मुठीत होती. बायका धाकटीला घेऊन गाडीत बसल्या तेव्हा तिनं मूठ उघडली आणि ती चिंधी धुवायच्या ढिगात टाकली, आणि ती इतर चिंध्यांसारखी धुतली गेली. तीन आठवडे ती स्वतःला सांगत होती की तिनं बटण दाबलं आणि मग गाठ सोडली. सिग्नल हिरवा झाला. मागचा माणूस म्हणाला, आजी, चला ना. ती चालू लागली.

साहेब तिच्या मुलापेक्षा लहान होता. टेबलावर काच, काचेखाली एका लहान मुलीचा फोटो. तिला बाकावर पाऊण तास बसवून मग आत बोलावलं, आणि उठून खुर्ची दिली, त्यामुळे तिला रागवायला जागा राहिली नाही.

"या, आजी. जाऊबाई कशा आहेत तुमच्या?"

"दोन बोटं मिटत नाहीत. बाकी तोंड पहिल्यापासूनच मिटलेलं."

तो हसला. थोरलीनं कागद पुढे सरकवला. "हे चुकलंय. मी मशीनला म्हणाले होते. आमच्याकडे मशीन ती असते. तुमच्यात तिला ती म्हणत नाहीत हे मला आज कळलं." हे वाक्य पाऊण तास बाकावर बसून तिनं तयार केलं होतं, त्यात कुठेही अडाणी हा शब्द नव्हता.

साहेबानं फाइल काढली, पानं उलटली. "पण आजी, मशीनमध्ये फॉल्ट नव्हताच. आमच्या माणसानं तपासलीय. बटण ठीक, दांडी ठीक. फक्त दांडीवरचा रंग दोन ठिकाणी घासलेला होता. काहीतरी बांधल्यासारखा."

थोरली काचेखालच्या फोटोकडे बघू लागली.

"तुम्ही त्याबद्दल काही बोलला नाहीत. पण त्या बोलल्या."

"कोण?"

"तुमच्या जाऊबाई. त्यांचा जबाब मी आधी घेतला, हॉस्पिटलात. त्या म्हणाल्या, मशीन सारखी थांबायची म्हणून चिंधी मीच बांधली होती, आमच्या ताईंना माहीत नव्हतं. मग मी तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणालात, फॉल्ट तिचाच. दोन्ही जबाब जुळले. मग मी तरी दुसरं काय लिहिणार?"

पंखा फिरत होता आणि त्याच्याखाली टेबलावरचे कागद श्वास घेतल्यासारखे वरखाली होत होते. थोरलीला पहिल्यांदा जे वाटलं ते उपकार नव्हते, दया नव्हती; राग होता, पायाच्या नखापासून आलेला. तिला कुणी सांगितलं होतं! मध्ये पडायला तिला कुणी बोलावलं होतं! हातावर पट्ट्या, सुई टोचलेली, आणि त्या अवस्थेत ही बाई पडल्या पडल्या थोरलीवर पांघरूण घालत होती, आणि वर घरी आल्यापासून 'बरं' म्हणत होती. म्हणजे साहेबानं चुकीचं ऐकलं नव्हतं. त्यानं बरोबर ऐकलं होतं, कारण धाकटीनं ते आधीच बरोबर करून ठेवलं होतं.

"तिनं बांधली?" थोरली म्हणाली, आणि बाहेरचा कारकून डोकावला इतका तो आवाज होता. "तिनं? अहो, त्या शेडमध्ये माझ्या शब्दाशिवाय बादली इकडची तिकडे होत नाही. चाळीस वर्षांत त्या बाईनं साबणाचा खोका मला विचारल्याशिवाय फोडला नाही. ती म्हशीला हात लावून दोन गाठी मारेल? तिला माझ्याआधी कधी काही सुचलंय का? काय बघून लिहिता तुम्ही?"

साहेबानं पेन खाली ठेवलं. "आजी, हळू. आणि नीट विचार करून बोला, कारण बोलाल ते मला लिहावं लागेल. मी एक वाट सांगतो. फॉल्ट हा शब्दच काढून टाकू. मिस्टेक लिहू. बाय मिस्टेक हात गेला. मिस्टेकला नाव लावावं लागत नाही. त्यांचंही नाव जातं, तुमचंही येत नाही. फॉल्ट लिहिला तर तो कुणाचा ते लिहावंच लागतं. आणि तुमचा लिहिला तर शेडला कुलूप लागेल. किती दिवस ते माझ्या हातात नाही."

मुलगा चांगला होता. त्याच्या काचेखालची मुलगी दात पडलेलं हसत होती. मिस्टेक. थोरलीनं तो शब्द जिभेवर ठेवून पाहिला. मऊ होता, पुष्कळदा धुतलेल्या कापडासारखा, कुणाच्याही अंगाला बसेल असा. धाकटीवरचं जाईल, आपल्यावर येणार नाही, बायकांचं काम चालू राहील, आणि संध्याकाळी सुनेला सांगता येईल, बघ, गेले आणि बदलून आले. होय म्हणायचं होतं फक्त. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की होय म्हटलं की त्या घरात पहिल्यांदाच एक गोष्ट अशी होईल जी धाकटीनं केली आणि तिनं नुसती घेतली. म्हैस माझी, शेड माझी, शब्द माझा, असं चाळीस वर्षं ती सांगत आली होती, आणि कुणी वाटेकरी यायला लागलं की तिचे डोळे लाल व्हायचे. आणि एवढी एकच गोष्ट नको होती म्हणून धाकटीच्या नावावर करायची?

"फॉल्टच लिहा," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"माझा. चिंधी मी बांधली. सहा वर्षं झाली. आणि माझाला काय म्हणतात?"

"माय."

"मग ते लिहा. आणि ते 'हर' खोडा. असं खोडा की वाचता येणार नाही."

"खोडता येत नाही, आजी. नवीन पान जोडतो. पहिलं त्याच्यामागे राहतं."

"म्हणजे कुणी पान उलटलं की ती तिथे दिसणारच?"

"दिसणार."

तिनं सही केली. सही करताना तिला नेहमी वेळ लागायचा, प्रत्येक अक्षराच्या आधी पेन थांबायचं. साहेब तोवर खिडकीबाहेर बघत बसला, आणि त्याचा हा समजूतदारपणा तिला खुपला.

घरी पोहोचली तेव्हा तीनला दहा मिनिटं होती. धाकटी बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसलेली, परक्या घरी बसावं तशी, पायाशी पिशवी. सून कुठे दिसत नव्हती. शहाणी होती, आत राहिली होती. थोरलीला धाप लागली होती. पाणी प्यावं असं वाटलं, पण आधी बोलून घ्यावं असंही वाटलं.

"बदलून आले. माझा फॉल्ट लिहिला. शेडला कुलूप लागेल काही दिवस, लागू दे."

"बरं," धाकटी म्हणाली.

"मेलं ते बरं! तुला खोटं बोलायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग?"

"मला वाटलं, तुम्हाला तसं हवंय."

"मला? मी कधी म्हणाले तसं?"

धाकटीनं पट्टीचा हात चांगल्या हातानं उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला. ती थोरलीकडे बघत नव्हती, भिंतीकडेही नाही, मधेच कुठेतरी. "तुम्ही गाठ सोडत होतात ना, ताई, तेव्हा मी बघत होते. हात आत होता. दुसरीकडे कुठे बघणार? म्हटलं, ताईंना ती चिंधी कुणाला दिसायला नकोय. मग हॉस्पिटलात साहेब आले, मी म्हटलं, आपणच सांगून टाकू."

शेडमध्ये बायका हसत होत्या कशाला तरी. थोरलीला खुर्ची हवी होती, पण खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीपर्यंत जायला धाकटीच्या समोरून जावं लागलं असतं.

"मला एवढंच विचारायचं होतं," धाकटी म्हणाली. "कागदाचं काही नाही, तो लेकीला वाटतो मोठा. तुम्ही आधी बटण दाबलंत की आधी गाठ सोडलीत? मला नीट समजलं नाही त्या वेळी. वेळ फार लांबला होता. रोज वाटतं विचारावं."

थोरलीकडे उत्तर तयार होतं. तीन आठवडे घासून घासून लख्ख केलेलं, दाराशीच ठेवलेलं. बटण. दोन अक्षरं वर एक. ते तपासायला कुणी साहेब येणार नव्हता, आणि धाकटीनं ते घेतलं असतं, घडी घालून पिशवीत ठेवलं असतं. आणि शिवाय ते खरंही असेल, कुणी सांगावं. तिनं तोंड उघडलं तेव्हा तिला आपले दोन्ही हात दिसले, गाठीवर, नखं त्या ओल्या घट्ट गाठीत घुसवणारे. पहिली गाठ, मग दुसरी. दांडी सुटून मागे सरकली म्हणून मशीन थांबली होती. बटणापर्यंत ती गेलीच नव्हती.

"गाठ," ती म्हणाली. "बटण दाबलंच नाही मी. चार पावलं गेले असते तर लवकर थांबली असती."

धाकटीनं मान हलवली, सावकाश, दोनदा. तिचा चेहरा पडला नाही, उजळलाही नाही. बराच वेळ बोट ठेवून धरलेलं पान एखाद्यानं मिटावं, तसं काहीतरी झालं.

"त्याला इंग्रजीत काय म्हणतात, मला माहीत नाही," थोरली म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

बाहेर गाडी थांबली. लेकीनं हॉर्न दिला, आत आली नाही. धाकटी उठली, पिशवी डाव्या हातात घेतली. थोरलीनं पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, "राहू द्या, जमतं." दारात तिनं चपला पायांनीच सरळ केल्या, घातल्या, आणि तोंड न वळवता म्हणाली, "येते, ताई."

माणूस निघताना येतेच म्हणतं. मरायला टेकलेलंही येतेच म्हणतं. जाते कुणी म्हणत नाही. या घरातून गेलेला प्रत्येक जण येतो म्हणून गेला होता आणि थोरलीला त्या शब्दाचा अर्थ विचारावासा कधी वाटला नव्हता. ती पायऱ्या उतरून गाडीपर्यंत गेली, अनवाणी, शेजारच्या दुकानदारानं वर पाहिलं तरी.

"येते म्हणजे?" तिनं काचेत वाकून विचारलं. "येणार म्हणून म्हणालीस, की नुसतं म्हणायचं म्हणून?"

लेक पुढे बघत बसली होती, हात स्टिअरिंगवर, जबडा घट्ट. धाकटीनं थोरलीच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून बरं निघालं नाही.

"गाठ म्हणायला तुम्हाला तीन आठवडे लागले, ताई," ती म्हणाली. "मलाही लागतील."

गाडी वळली. थोरली कोपऱ्यापर्यंत चालत गेली, आणि तिथे फूटपाथवर उभी राहून बोटांवर दिवस मोजू लागली, मग मधेच चुकली, मग पुन्हा पहिल्यापासून.